एका रुमालाचे साडेबारा पौंड

परवा लंडनमधल्या हॅरोला मित्राकडे पुरणपोळीचे जेवण झाले. जेवण अर्थातच फुकट होते, तरी मला ते २५ पौंडांना पडले. मी राहतो स्लाऊला, म्हणजे लंडनच्या वेशीबाहेर, आणि माझी गाडी २०१४ सालची डिझेलची आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून ‘युलेझ’ नावाचा कमी प्रदूषणाचा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये, पसरला आहे, त्यामुळे त्याच्या हद्दीवरची हिरवी पाटी ओलांडून आत चाक ठेवले की माझ्यासारख्याला दिवसाचे १२.५० पौंड मोजावे लागतात. इथपर्यंत माझी तक्रार नाही. ते साडेबारा मी निघतानाच पुरणपोळीच्या खात्यावर मांडून टाकले होते. तक्रार आहे ती पुढच्या साडेबारांची. युलेझचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा असतो. बाराच्या आत आलेली गाडी बारानंतर परतू लागली, की कॅमेऱ्याच्या लेखी तो दुसरा दिवस होतो आणि आकारही दुसरा लागतो. वर्षातून नाताळचा एक दिवस तेवढा माफ आहे.

हा नियम ज्याने लिहिला त्याने मराठी घरातून कधी निरोप घेतलेला नाही, हे उघड आहे. आपल्याकडे साडेदहाला ‘चला, निघतो’ म्हटले की ती केवळ पूर्वसूचना असते. त्यानंतर बसल्या जागी एक चर्चा होते, दिवाणखान्याच्या दारात दुसरी होते, बुटांचे बंद बांधताना तिसरी होते, उरलेल्या पोळ्या डब्यात भरल्या जात असताना ‘नको’ आणि ‘असू दे हो’ यांची देवाणघेवाण होते, आणि खरी महत्त्वाची बातमी तर गाडीची काच खाली केल्यावरच सांगितली जाते. एवढे सगळे धरूनही मी साडेअकराला गाडीपाशी उभा होतो. हॅरोहून निघून लंडनच्या पश्चिम टोकाच्या हिलिंग्डनची हद्द ओलांडायला रात्री वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. तेवढ्यात मामा खाली आले.

मामा हे माझ्या मित्राचे मामा. मिरजेचे, एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि भाच्याकडे काही महिन्यांसाठी राहायला आलेले. माझी गाडी प्रदूषण करणाऱ्यांत मोडते, हे त्यांनी जेवताना ऐकले होते आणि ते त्यांच्या मनाला लागले होते. स्वेटर, कानटोपी आणि पायांत भाच्याच्या सपाता अशा वेषात ते फूटपाथवर उभे राहिले.

“कुठं आहे ती प्रदूषण करणारी गाडी?”

मी दाखवली.

“चालू करा.”

मी चालू केली. मामांनी स्वेटरच्या आतून चौघडी घातलेला पांढराशुभ्र रुमाल काढला, तो झटकून उलगडला, गुडघ्यावर हात देत गाडीमागे खाली बसले आणि तो सायलेन्सरच्या तोंडावर धरून म्हणाले, “रेस द्या.”

“मामा, शेजारचे लोक झोपलेत.”

“झोपू देत. रेस द्या.”

मी रेस दिली. समोरच्या घराच्या माडीवर दिवा लागला आणि पडदा बोटभर सरकला. या देशात गाडी रस्त्यावर उगीच चालू ठेवून उभे राहिले तर २० पौंड दंड होऊ शकतो, हे मला नेमके त्याच वेळी आठवले. मामा मात्र आपल्या कामात गढून गेले होते. “अजून. सोडू नका. हां, आता बंद करा.” मग ते रुमाल घेऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली गेले, तो दोन्ही हातांनी ताणून धरला, उलटा केला, नाकाशी नेला आणि पुन्हा सुलटा केला. तो पांढराच होता. एकेकाला बोलावून त्यांनी तो दाखवला. मित्राने पाहिला, वहिनींनी पाहिला, त्यांच्या पेंगणाऱ्या मुलालाही झोपेतून ओढून ‘बघ’ म्हणून सांगण्यात आले.

“यात काळं कुठं आहे, मला दाखवा.”

मी सांगितले की प्रश्न काळ्या धुराचा नाही, नायट्रोजन डायऑक्साइडचा आहे, आणि रस्त्यावरच्या हवेत तो वायू जेवढा असतो तेवढा डोळ्यांना दिसत नाही.

“दिसत नाही?”

“नाही.”

“वास?”

“एवढ्या प्रमाणात तोही कळत नाही.”

“म्हणजे भूतच की! आमच्याकडं भुताचे पैसे भगत घेतो, तुमच्याकडं महापौर.”

यावर सगळे मनमुराद हसले. मी घड्याळात पाहिले. बारा वाजून गेले होते.

मामांची परीक्षा अडाणीपणाची नव्हती, हे मला मान्य केले पाहिजे. माझी गाडी युरो ५ प्रतीची आहे. युरो म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या मर्यादांची युरोपीय प्रतवारी, आकडा मोठा तेवढी मर्यादा कडक. या प्रतीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते, त्यामुळे रुमाल पांढरा राहणारच. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र त्या गाळणीतून सुखाने बाहेर पडतात. युरो ५ मध्ये त्यांना किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती, युरो ६ ने ती ८० वर आणली, आणि युलेझला डिझेलमध्ये युरो ६ च लागते. पेट्रोलच्या गाडीला मात्र युरो ४ पुरते, म्हणून आमच्या गल्लीतली २००६ सालची पेट्रोल गाडी, जिचा मागचा दिवा चिकटपट्टीने बसवला आहे, लंडनभर फुकट हिंडते.

आणि ही डिझेल गाडी मी काही हौसेने घेतली नव्हती. २००१ पासून या देशात गाडीवरचा कर कार्बन डायऑक्साइडच्या मापाने लावला जाऊ लागला, डिझेलमधून तो वायू कमी निघतो म्हणून डिझेलवाल्यांचा कर नाममात्र झाला, आणि विक्रेत्याने मला पृथ्वी वाचवल्याबद्दल हस्तांदोलन करून किल्ली दिली. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, फोक्सवॅगनने चाचणीपुरती सोवळी होणारी गाडी विकल्याचे उघड झाले आणि बघता बघता आम्ही सगळेच डिझेलवाले खलनायक ठरलो. जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी २,००० पौंडांपर्यंत मदत मिळत होती, पण ती लंडनच्या रहिवाशांना. आम्ही वेशीबाहेरचे. पैसे भरण्यापुरते आम्ही लंडनचे होतो आणि पैसे घेण्याच्या वेळी स्लाऊचे.

तरीही ‘हा सगळा लुटीचा धंदा आहे’ असे कोणी म्हणू लागले की मला त्याच्या बाजूने बोलवत नाही. कॅमेऱ्यांच्या तारा कापणारे लोक मी या शहरात पाहिले आहेत, आणि जुलै २०२३ मध्ये पश्चिम लंडनमधल्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक याच रागावर हुजूर पक्षाने अवघ्या ४९५ मतांनी राखलेलीही पाहिली आहे. पण लुइशममध्ये साउथ सर्क्युलर रस्त्यालगत राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली, आणि तिच्या मृत्यूला हवेचे प्रदूषण कारणीभूत होते, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबर २०२० मध्ये दिला. तिच्या घरासमोरून गेलेल्या गाड्यांचे रुमालही बहुधा पांढरेच निघाले असते. महापौरांच्या कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालानुसार, युलेझ नसते तर रस्त्यांलगत जेवढा नायट्रोजन डायऑक्साइड असता त्यापेक्षा तो २७ टक्क्यांनी कमी आहे. लंडनमध्ये फिरणाऱ्या जवळजवळ ९७ टक्के गाड्या आता नियमात बसतात. उरलेल्या तीन टक्क्यांत मी आहे.

माझे जाऊ द्या, मी पुरणपोळी खाऊन आलो होतो. आमच्या शेजारची बाई हीथ्रोला साफसफाईचे काम करते. हीथ्रोही याच पट्ट्यात येते. तिला एजन्सीकडून अधूनमधून एखादी रात्रपाळी मिळते. रात्री दहाला जायचे आणि सकाळी सहाला परतायचे, म्हणजे एका पाळीचे २५ पौंड. आठ तासांच्या मजुरीतून ते वजा केल्यावर काय उरते, याचा हिशेब तिने केला आणि गाडी विकली. आता ती रात्री बसथांब्यावर उभी असते. आकार चोवीस तासांचा ठेवायचा होता तर तो गाडी आत आल्यापासून मोजायला काय हरकत होती? पार्किंगच्या यंत्राला जे जमते ते एवढ्या कॅमेऱ्यांना जमू नये?

मामांनी मात्र हा विषय सोडलेला नाही. आज सकाळी त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. हॅरोच्या त्या गल्लीत एका गृहस्थाची पन्नास वर्षे जुनी, रविवारी पुसायची गाडी आहे. मामांनी खुणांनी त्याच्याशी मैत्री केली आणि तिच्या सायलेन्सरवरही रुमाल धरला. फोटोत दोन रुमाल शेजारी शेजारी ठेवले आहेत. माझा पांढरा, त्याचा डांबरासारखा काळा. खाली लिहिले आहे, ‘काळा : फुकट. पांढरा : १२.५०.’ चाळीस वर्षांपुढच्या जुन्या गाड्या फार थोड्या आहेत आणि क्वचित बाहेर पडतात म्हणून त्यांना माफी आहे, हे मी मामांना कळवलेले नाही. कळवावेसेही वाटत नाही.

फोटोपाठोपाठ महापौरांना धाडायच्या पत्राचा मसुदा आला. तो मराठीत आहे. इंग्रजी मी करायचे आहे आणि सहीही मीच करायची आहे, कारण “आम्ही पाहुणे, तुम्ही इथले करदाते.” पुढल्या महिन्यात त्यांना हीथ्रोवर मी सोडावे, अशीही त्यांची इच्छा आहे. विमानतळाच्या दारात उतरवण्याचे वेगळे पैसे पडतात, पण विमान रात्री साडेनऊचे आहे, तेव्हा सगळे एका दिवसात उरकेल असे मी मनाशी धरले होते. मामांचा ताजा निरोप असा आहे की आदल्या रात्रीच मुक्कामाला या, म्हणजे पत्रावर निवांत बोलता येईल.