माझ्या हातावरचा 'ट्राय अगेन'

माझ्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला जांभळ्या शाईत 'ट्राय अगेन' असा शिक्का आहे आणि तो जात नाहीये. साबण झाला, खोबरेल तेल झालं, रात्री भांड्यांची तारेची घासणी पण फिरवून बघितली, कातडी लाल झाली पण अक्षरं ठणठणीत. सकाळी लोकलमध्ये वरची कडी धरली तर समोर बसलेल्या बाईने तो शांतपणे वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

शिक्का लेकीच्या नर्सरीतला. पालकांसाठी ओरिएंटेशन होतं, अशा वेळी नवऱ्याला अमेरिकेचा कॉल असतो (शनिवारी सकाळी अकराला अमेरिकेत कोण जागं असतं हे विचारणं मी सोडलंय), म्हणून मी गेले. गुडघे हनुवटीला लागतील अशा लाल खुर्च्या, प्रत्येकापुढे ट्रे, ट्रेमध्ये बुटाची लेस, लाकडी मणी, चिमटा आणि दोन वाट्या, एकीत राजमा. मॅम म्हणाल्या, आज तुम्ही मुलं. डाव्या हाताने मणी ओवा, मग चिमट्याने राजमा या वाटीतून त्या वाटीत टाका, म्हणजे डोळ्यांना दिसतंय तिथे हात नेमका न्यायला छोट्या मुलाला काय कष्ट पडतात ते कळेल. कल्पना वाईट नाही हो, खरंच नाही. फक्त टायमर लावायला नको होता. आणि माझ्या शेजारी ते आजोबा बसायला नको होते.

आजोबा नातवाच्या वतीने आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आपण ट्रेझरीतून रिटायर झालोय हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं आणि बसल्या बसल्या मणी मोजले.

"मॅडम, अकरा आहेत."

"चालेल आजोबा, अकरा ओवा."

"चालेल कसं? फळ्यावर बारा लिहिलंय. उद्या तुम्हीच म्हणाल एक घरी नेला."

मग सगळा वर्ग वाकून शोधतोय. बारावा मणी निघाला माझ्या खुर्चीखाली. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता, पण आजोबांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ऑडिटमध्ये सापडलेल्या क्लार्ककडे बघतात तसं.

टायमर सुरू झाला. आजोबांनी लेसचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि पिळलं. मॅम म्हणाल्या, "आजोबा, तोंडात नाही घालायचं, आम्ही मुलांना तेच शिकवतो."

"बाकीच्यांच्या लेसला प्लास्टिक आहे. माझ्या लेसचं तुटलंय. मग मी काय करायचं?"

खरंच तुटलं होतं. मॅम गप्प. आजोबांनी कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला आणि मणी ओवायला लागले, प्रत्येक मणी आत गेला की हळूच "जमा". मधेच, माझ्याकडे मान न वळवता, "ताई, मणी नका हलवू. लेस हलवा." परत "जमा". "ताई, तुम्ही दोन्ही हलवताय." माझ्या हातांवर एवढं कोणी कधी बोललं नव्हतं, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला चकल्या तुटल्या तेव्हा पण नाही. तेवढ्यात माझा एक मणी निसटून घरंगळत गेला, आजोबांनी पाय पुढे करून अडवला, उचलला, माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "नावे." जमा-नावे मधलं नावे.

राजम्याचं काय सांगू. तो गुळगुळीत, चिमटा प्लास्टिकचा, एक दाणा उडून मॅमच्या ओढणीत गेला. आजोबांनी हात वर केला. "मॅडम, ह्यांचा एक दाणा कमी पडणार बरं का, नोंद घ्या." अहो, तुमचं झालंय ना, बसा की स्वस्थ!

शेवटी त्यांच्या शर्टावर सोनेरी स्टार आणि माझ्या हातावर हे. मुलांना पण असेच शिक्के मारता का विचारलं तर मॅम गोड हसल्या. "मोटिव्हेशन असतं ते."

शिक्क्याचा राग आहेच, पण नंतर हातात पडलेल्या रिपोर्टचा जास्त आहे. लेक साडेतीन वर्षांची. 'पेन्सिल ग्रिप: नीड्स इम्प्रूव्हमेंट.' का तर पेन्सिल मुठीत धरते. धरणारच ना! मोठ्यांच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, ह्या वयात एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात, बाकी अजून कूर्चाच. तीन बोटांची पकड बहुतेक पोरांना चार ते सहाच्या मधे कधीतरी जमते. आणि इथे रोज पानभर स्टँडिंग लाइन, उद्या स्लीपिंग लाइन, परवा स्लँटिंग लाइन, रेषा चौकटीबाहेर गेली की लाल पेन. २०२० च्या शैक्षणिक धोरणात काय लिहिलंय, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात काय लिहिलंय, तीन ते आठ वयाला खेळातून शिकवा म्हणून. नर्सरीच्या ब्रोशरवर त्यातली वाक्यं छापलेली आहेत, गुळगुळीत कागदावर.

आपल्याकडे आधी ग म भ न गिरवायला द्यायचे ते काय उगीच? वळण सोपं, एका अक्षराच्या आधाराने दुसरं निघतं, नाहीतर पहिल्या दिवशी 'अ' आणि मागोमाग त्या 'इ' ची वेटोळी काढायला लावा पोराला. आणि त्याच्याही आधी धूळपाटी, नुसतं बोट फिरवायचं, पुसायचं, परत फिरवायचं, पेन्सिलच नाही तर ग्रिप कुठली बिघडणार. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक १९४५ मधे बोर्डी गावाला गेल्या आणि गावात मिळेल त्या साध्या वस्तूंवर त्यांनी बालवाडी चालवून दाखवली. आम्ही ह्या मणी-चिमट्याच्या किटचे वेगळे पैसे भरलेत, आणि लेसचं टोक तुटकं.

वाचनाच्या रकान्यात लिहिलंय, 'पाठांतर करते, वाचत नाही.' हे तर मला अजिबात पटलेलं नाही. ती रोज पुस्तक सरळ धरते, डावीकडून उजवीकडे बोट सरकवते, बरोबर जागी पान उलटते आणि माझ्याच आवाजात गोष्ट सांगते. इतकी माझ्या आवाजात की कोल्हा विहिरीपाशी आला की थांबते, "एक मिनिट हं, कुकर," म्हणते आणि मग पुढचं सांगते, कारण मी रोज तिथेच उठते. तिच्या मते ते पण छापलेलं आहे. छापलेल्या काळ्या खुणांमधून बोलणं निघतं हे तिला कळलंय, वाचनाची सुरुवात ह्याहून वेगळी काय असते? हे मॅमना सांगायला गेले तर म्हणाल्या, सीएटी कॅट कधी वाचणार?

बाहेर रिक्षाच्या रांगेत आजोबा पुढेच, स्टार लावलेलाच. म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात कात्री आहे. वळणदार रेषेवर कापायचं. प्रॅक्टिस करून या."

मी जाणारच नाहीये. सासूबाईंना पाठवतेय. त्यांनी चाळीस वर्षं ब्लाउज बेतलेत, खडूची खूण न करता. त्यांना सगळं सांगितलंय, 'नावे' सकट. त्यांनी काही न बोलता कात्रीला धार लावायला दिलीय.