मालकांचे उत्तर : ‘तीन दिवस सांगून सहा लावले’

नमस्कार सर,

काकूंचं, म्हणजे तुमच्या आईंचं, घर रिकामं करून देण्याच्या आमच्या कामावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली ‘तीन दिवस सांगून सहा लावले, वर दोन दिवसांची हजेरी जादा घेतली, बाबांनी जमवलेले दिवाळी अंक रद्दीत घातले.’ अंकांबद्दल मनापासून माफी मागतो, ती चूक आमचीच. गठ्ठा दोन ढिगांच्या मधे होता, आमच्या कामावरच्या पोराने रद्दीचा समजून उचलला. त्याच संध्याकाळी मी स्वतः रद्दीवाल्याकडे गेलो. अकरा अंक मिळाले, बाकीचे तोवर गोडाऊनला गेले होते. ते अकरा काकूंकडे पोचवलेत.

पण दिवसांचं जे लिहिलंय ते इथे चार लोक वाचणार, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन दिवस मी व्हिडिओ कॉलवर घर बघून सांगितले होते. तुम्ही न्यू जर्सीत, मी गोडाऊनमध्ये आणि फोन काकूंच्या हातात. हॉल दिसला, बेडरूम दिसली, किचन दिसलं. माळा कोणी दाखवला नाही. सदाशिव पेठेतलं पन्नास वर्षं नांदतं घर, त्याचा माळा रिकामा कसा असेल? मीही विचारायला हवं होतं, मान्य.

माळ्यावरून बंब निघाला, दोन घंगाळं, पाट, आणि एकशे बासष्ट भांडी. आकडा पक्का आहे, मोडीत घालण्याआधी मी मोजून घेतो. बहुतेक सगळ्यांवर नावं घातलेली. काकू एकेक भांडं खिडकीशी नेऊन वाचत होत्या. अक्षर लागेना तेव्हा आमच्या पोराने चिंच लावून घासून दिलं. एका तांब्यावर ‘चि. सौ. कां.’, पुढे काकूंचं नाव, मामाकडून, १९७१. काकू म्हणाल्या ठेवा. मग म्हणाल्या, जाऊ दे, तिकडे वन रूम किचनमध्ये कुठे ठेवू, द्या. तांब्या टेंपोत गेला. अर्ध्या तासाने काकू तीन जिने उतरून खाली हजर, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, तरी. तांब्या घेऊन परत वर. असं इतर भांड्यांच्या बाबतीतही झालं. मी काय त्यांच्या हातातून ओढून घेणार होतो?

आणि सर, राग मानू नका, तुमचा फोन यायचा रोज संध्याकाळी साडेसहाला. तुमचे सकाळचे नऊ, आमच्या पोरांची सुटायची वेळ. दिवसभर काकूंचं एकच, ‘त्याला विचारून देते.’ शिसवी कपाट पहिल्या दिवशी तुम्ही काढून टाका म्हणालात, चौथ्या दिवशी म्हणालात थांबा, बायकोला विचारतो. तो पूर्ण दिवस कपाट दारात आडवं होतं. ‘आईला विचारत बसू नका, सरळ उचला’ हा तुमचा मेसेज माझ्याकडे आहे. इथे टाकणार नाही.

हजेरी घेतली ती दोन पोरांची, दोनच दिवसांची. तिसरा जादा दिवस मी सोडला आणि जादा दिवसांचं माझं स्वतःचं काही लावलं नाही. सम-विषम पार्किंगमध्ये टेंपोला जॅमर लागला, तो दंडही मीच भरला, बिलात शोधलात तरी सापडणार नाही.

तुम्ही शेवटी ‘भंगारवालेच शेवटी’ असं लिहिलंय. माझे वडील बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात बसायचे. त्यात लाज वाटावं असं काही नाही. काटा कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं. बंबाची लोखंडी जाळी काढून तांबं वेगळं तोललं, काकूंच्या समोर, पावतीवर आहे.

यापुढे माळा बघितल्याशिवाय दिवस सांगणार नाही. पुस्तकं-कागदांचंही काहीतरी वेगळं करू, चिठ्ठ्या वगैरे लावून. जमलं तर स्टार्सचा फेरविचार करावा, या रिव्ह्यूनंतर दोन ठरलेली कामं रद्द झाली आहेत.

१९७१ चा तांब्या काकूंनी तळेगावला नेलाय. कपाट अजून माझ्याच गोडाऊनला आहे. वहिनींचं काय ठरलं ते कळवा, भाडं लावत नाही.