अन्यायावर संगीत रजनी भरवायची आहे? मग हे वाचाच

३१ ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडं काही मंडळींना विमुक्तांचा, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा, एकदम पुळका येतो. तुम्हालाही आला असेल तर 'मदतनिधी संगीत रजनी' भरवाच. आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेल्या आठवड्यातच एक झाली. तिकीट काढून सोसून आलोय, तेव्हा सल्ला अगदी ताजा आहे.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. वर मोठे साहेब, त्याखाली दादा, मग भैय्या, मग शुभेच्छुकांची पलटण. ज्यांच्यासाठी निधी जमवायचा, त्यांच्यातल्या कुणाचा फोटो कशाला? फारच वाटलं तर आरशांच्या घागऱ्यातली एखादी बाई इंटरनेटवरून उतरवून कोपऱ्यात चिकटवा. राजस्थानातली असली तरी चालते.

वेळ सहाची छापा, आठला सुरू करा.

सत्कार मात्र मनापासून करा. तिकिटांच्या पैशातून शाली घ्या, नारळ घ्या, फेटे बांधणारा बोलवा. मंगल कार्यालयाच्या मालकाचा सत्कार करा, माजी सभापतींचा करा, ज्यांनी देणगी नुसती जाहीर केली त्यांचा तर सगळ्यात आधी करा. एखाद्याचं नाव यादीतून निसटलं की ते रुसून गाडीत जाऊन बसतात. मग अध्यक्षांनी बाहेर जाऊन काचेवर टकटक करायची, "अण्णा, चुकलं, उतरा की आता" म्हणायचं, आणि तोवर आत सगळ्यांनी बंद पंख्याखाली घाम पुसत बसायचं. अण्णा आले. माईकवरून त्यांची जाहीर माफी मागितली. टाळ्याही झाल्या.

भाषणात इतिहास हवाच, पण बेतानं. '१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, ३१ ऑगस्ट १९५२ ला आपण तो रद्द केला', बास. अख्ख्या जमातीला जन्मतःच चोर ठरवलं, हजेरी आणि पासाशिवाय हलू दिलं नाही, यादीत नाव गेलं तर त्याविरुद्ध कोर्टात दादही मागता येत नव्हती, १८९७ च्या दुरुस्तीनं चार वर्षांचं लेकरूसुद्धा आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत टाकायची सोय केली, हे असलं काही बोलू नका. गाण्याचा मूड जातो. निजामाच्या राज्यातही असाच कायदा होता, हे तर मराठवाड्यात मुळीच काढू नका. सगळं पाप विलायतेच्या खात्यावर टाकलेलं बरं. आणि १९५९ ला आपल्याच मुंबई राज्यानं त्याच माणसांवर पुन्हा पाळत ठेवता येईल असा सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला, हे तर निवेदकाच्या कागदावर येताच कामा नये. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता ना!

विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेले रेणके आयोग, इदाते आयोग ही नावं घेऊ नका. कुणीतरी उठून अहवालांचं काय झालं म्हणून विचारायचं.

गाणी कराओकेवर हिंदीच ठेवा. तांड्यावरच्या बायका लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची गाणी, म्हणायला येतात, त्यांना दुपारी चारलाच बोलवून मागच्या भिंतीला बसवा. त्यांची पाळी आली तेव्हा साऊंडवाला वायरी गुंडाळत होता. एका आजीनं माईकविनाच सुरू केलं, डफाच्या तालावर. पुढचे सोफे तोवर जेवायच्या रांगेत.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. कार्यक्रमात कुणाचा तरी मोबाईल हरवतोच. हरवला की इकडंतिकडं शोधत बसू नका. थेट शेवटच्या रांगेतल्या पारध्यांच्या पोरांकडं जा. त्यांना उभं करा. खिसे उलटे करायला लावा. एकाच्या खिशातून तंबाखूची पुडी आणि एसटीचं तिकीट निघालं, तेही उजेडात धरून बघा. मंचावर त्याच वेळी 'जन्मतः गुन्हेगार हा कलंक पुसू या'वर निवेदकाची शायरी चालू होती. मोबाईल नंतर सापडला, पहिल्या रांगेतल्या सोफ्याच्या फटीत. "सापडला, सापडला" म्हणत सगळे हसले आणि पुढचं गाणं लागलं. पोरं तशीच उभी होती. त्यांना बसा म्हणायलाही कुणी आलं नाही.

लाज वाटत नाही का रे? कुणाच्या नावानं पैसा गोळा करता आणि कुणाचे खिसे तपासता? इतिहासातला अन्याय म्हणे! रात्री कुठं चोरी झाली की पहाटे पालावर कुणाची गाडी जाते, हे या तालुक्यात कुणाला माहीत नाही? विमुक्त जातीचा दाखला काढायला गेलं की २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याचं पाल प्रत्येक गावानं दुसऱ्या दिवशी उठवलं, त्यानं कुठल्या गावचा कागद आणायचा? दाखला नाही म्हणून वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. तुमच्यातला एक तरी माणूस असल्या एखाद्या पोराबरोबर तहसीलच्या खिडकीवर कधी उभा राहिलाय का?

अण्णांची माफी मागितली ना माईकवरून? त्या पोरांचीही मागा, तशीच, सगळ्यांच्या देखत. आणि तिकिटांचे किती जमले, शालींवर किती गेले, जेवणावर किती, पालावर किती पोचले, ते कागदावर लिहून त्याच कार्यालयाच्या दाराला लावा. आठ दिवस झाले, विचारलं की नुसतं 'ऑडिट चालू आहे' सांगताय.