ताडपत्री फुकटची, बिल 175 डॉलरचं

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय: 'कतरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, सरकार फेल गेलं, मग खाजगीवाले आले आणि स्वस्तात, झटपट शहर उभं केलं, शाळासुद्धा सुधारल्या. आपल्याकडे कधी?' खाली काकांचे तीन अंगठे. म्हणून लिहायला बसले.

आधी ते 'स्वस्तात' बघू. 2005 च्या त्या वादळानंतर फुटक्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या ठोकायचं काम निघालं, ताडपत्री सरकारनेच दिलेली, नुसती ठोकायची. शंभर चौरस फुटांना मुख्य कंत्राटदाराला 175 डॉलर, त्याने काम दिलं खालच्याला, त्याने त्याच्या खालच्याला, असं करत करत उन्हात छपरावर चढून हातोडा मारणाऱ्याच्या हातात काही ठिकाणी पडले 2 डॉलर! मधल्या लोकांनी काय ठोकलं देव जाणे. त्यात बुशने दहाच दिवसांत सरकारी बांधकामांवर स्थानिक दराने मजुरी द्यायचा नियमच त्या भागात उठवला, ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात परत आणला.

सरकार फेल गेलं हे खरंय, बंधारे सरकारीच होते आणि तेच फुटले. पण ही सगळी बिलं भरली कोणी, सरकारनेच ना?

शाळांचं म्हणाल तर मुलांचे मार्क वाढले, मान्य. पण कसं झालं ते बघा, नोव्हेंबर 2005, अर्धं शहर ह्यूस्टन-अटलांटात विखुरलेलं, विचारायचं कोणाला, तेवढ्यात राज्याने कायदा करून शंभरावर शाळा ताब्यात घेतल्या, पुढे त्या चार्टरवाल्यांकडे (म्हणजे सरकारी पैशावर शाळा चालवणाऱ्या खाजगी संस्थांकडे) गेल्या, आणि शिक्षक-शिपाई धरून सात हजारांवर लोक घरी बसले. डिसेंबरात खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमन यांनी पेपरात लिहिलंच, शोकांतिका आहे पण संधीही आहे म्हणून.

आणि 'झटपट'. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल, डॉक्टरांनी आणि जवानांनी काही आठवड्यांत खालचे मजले धुऊन काढले होते, तरी ते उघडू दिलं नाही, त्याच्या जागी नवं आलं 2015 मध्ये. दहा वर्षं! पाडायचं मात्र झटपट जमलं हं, गरिबांच्या चार मोठ्या सरकारी वसाहती, साडेचार हजारांच्या आसपास घरं, त्यातली बरीच विटांची, दुरुस्त होण्यासारखी. डिसेंबर 2007 मध्ये ठराव आला, आत नगरसेवकांनी एकमताने होकार दिला आणि बाहेर गेटवर आत यायला धडपडणाऱ्यांच्या डोळ्यांत पोलिस पेपर स्प्रे मारत होते.

काका, अंगठे नक्की कशाला दिले होते?