गावचं नाव, एक-दोन-तीन

मे महिन्याच्या सुट्टीला पुण्याचा भाचा आमच्याकडे बेळगावातल्या शहापुरात आला, तो कपड्यांच्या बॅगेपेक्षा जड असं एक काळं खोकं घेऊन. थोरल्या भावानं टाकून दिलेलं, टीव्हीवर गेम खेळायचं प्लेस्टेशन ४, अगदी २०१३ साली निघालेलं पहिलं मॉडेल. "मामा, फक्त वायफाय जोडून दे. दोन मिनिटांचं काम आहे." टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं तरी माणसं दोन मिनिटंच म्हणतात.

टीव्हीवर यादी आली. त्यात गल्लीतल्या सगळ्यांचं वायफाय होतं, फक्त आमचं नव्हतं. आमच्या घराच्या भिंती आजोबांच्या काळच्या दगडी, म्हणून मी दोष भिंतींना दिला आणि राउटर उचलून देवघराच्या फळीवर ठेवला. आईनं तो तितक्याच तत्परतेनं खाली आणला.

शेवटी राउटर बसवून गेलेल्या पोराला फोन लावला. "एन् आत्री सर?" मी माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, त्यानं त्याच्या मोडक्या मराठीत समजावलं. "सर, तुमचं ते पेटी जुनं हाय. त्याला फाइव्ह गिगाहर्ट्झचं वायफाय दिसत न्हाई. टू पॉइंट फोर चालू करा." तेही केलं. मग म्हणाला, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर आहे, ती जुन्या डब्ल्यूपीए-२ वर आणा. आणली. आमच्या घराचं नाव यादीत उगवलं आणि भाच्यानं शिट्टी मारली. पासवर्ड काय, घरात सगळ्यांना पाठ होता. त्या पोरानंच पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन जोडून देताना सांगितलेलं, "गावचं नाव, एक-दोन-तीन."

खरी लढाई इथं सुरू झाली.

रिमोटसारख्या त्या दांडक्यानं पडद्यावरच्या एकेका अक्षरावर सरकत जायचं. 'बी'वरून 'ई'कडे निघालं की बाण 'आर'वर जाऊन उभा. मी शाळेत शिकलेलं, शेवटी 'यूएम' असलेलं बेळगाव टाकलं. चूक. बायको म्हणाली, "अहो, २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं की. मधे 'ए' आणि शेवटी 'व्हीआय'." (त्या तारखेला आमच्याकडे काळा दिवस पाळतात, ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको.) तेही चूक. आतून बाबा गरजले, "काय करूलास रे? बेळगाव! जी, ए, व्ही! दुसरं काही माझ्या घरात चालायचं नाही." बाबांचं बेळगावही चुकलं. ते ऐकून घरात जी शांतता पसरली, ती टीव्हीच्या आवाजाचं बटण शून्यावर नेऊनही मिळत नाही.

पुन्हा फोन. "अरे, गावचं नाव कुठल्या स्पेलिंगमधे घातलंयस?"

"स्पेलिंग एकच की सर."

"कुठलं?"

"गोकाक."

"गोकाक?"

"माझं गाव, सर. म्हटलं होतं की, गावचं नाव."

गोकाक आणि एक-दोन-तीन, इंग्रजीत मोजून आठ अक्षरं. वायफायच्या पासवर्डाला किमान आठच लागतात. पोरगं हिशेबाला पक्कं. कन्सोल जोडलं गेलं आणि लगेच अपडेट उतरवायला बसलं, पडद्यावर शिल्लक वेळ सहा तास. भाचा तोंड पाडून मोबाइलवर क्रिकेट खेळत बसला.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "त्याला सांग, पुढल्या खेपेला येताना गोकाकची करदंट मिठाई घेऊन ये म्हणावं."