कमरेतल्या इंजेक्शनचा हट्ट आणि एक आठवडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत हा मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘सत्तरीपुढच्या माणसाचा खुबा मोडला तर पूर्ण भूल देऊ देऊ नका, मेंदूवर परिणाम होतो. कमरेतल्या इंजेक्शनचाच आग्रह धरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आठवडाभर थांबा. ऐंशीच्या पुढे ऑपरेशनच नको.’ कमरेतलं इंजेक्शन म्हणजे फक्त कमरेखालचा भाग बधिर करायचा, पूर्ण भूल म्हणजे झोपवायचं. मी मुंबईत २२ वर्षं भूल देतोय. दोनदा गप्प बसलो.

मेंदूचं आधी घेतो. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं बरळतात, सलाइन उपटतात, पोराला ओळखत नाहीत, हे खरं. पण दोष भुलेच्या प्रकाराचा नाही. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्यांना कमरेतून, निम्म्यांना पूर्ण भूल. भ्रम झाला कमरेतलीवाल्यांपैकी २०.५ टक्क्यांना, पूर्णवाल्यांपैकी १९.७. साठ दिवसांत मृत्यू किंवा कुणी धरल्याशिवाय दहा फूटही चालता न येणं, हे १८.५ आणि १८ टक्के. पुढच्या वर्षी चीनमधल्या अभ्यासातही भ्रमात फरक सापडला नाही.

भ्रमाची कारणं बरीच आहेत: दुखणं, जागरण, अंगातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग. आणि एक फार साधं. थिएटरात नेताना चष्मा, कानाचं मशीन, कवळी पिशवीत घालून सुनेच्या हातात देतात आणि सून खाली बिलिंग काउंटरच्या रांगेत. आजींना दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि आपण म्हणतो, भूल चढली.

कमरेतलं इंजेक्शन चांगलंच आहे, मी स्वतः बहुतेक वेळा तेच देतो. पण ते द्यायला मोडक्या पायानिशी कुशीवर वळवावं लागतं. गेल्या महिन्यात ८४ वर्षांच्या एक आजी चादर सरकवली तरी ‘हात नको लावूस रे’ म्हणून ओरडत होत्या. सोनोग्राफीवर बघत जांघेत ब्लॉक दिला, म्हणजे तिथल्या नसा बधिर केल्या. वीसेक मिनिटांनी त्या कुशीवर होत्या आणि मला विचारत होत्या, लग्न झालंय का. हा ब्लॉक कॅज्युअल्टीतही देता येतो, भूल कुठलीही ठरो. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.

आता गोळी. नुसती ॲस्पिरिन असेल तर कमरेतलं इंजेक्शन चालतं, थांबायची गरज नाही. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी असेल तर कमरेतल्या इंजेक्शनसाठी ती थांबवून पाच ते सात दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून आठवडा काढायचा? त्या आठवड्यात पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या धरतात. शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत हाड बसवावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अशा वेळी पूर्ण भूल द्यायची आणि मोकळं व्हायचं. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल तरी आम्ही बऱ्याचदा तिकडेच वळतो. गोळी मात्र मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर.

राहिले ऐंशीपुढचे. बहुतेकांचं ऑपरेशन नुसतं चालण्यासाठी नसतं. बेडपॅन सरकवताना किंकाळी फुटू नये, एवढ्यासाठीही असतं. अगदी शेवटच्या दिवसांतला रुग्ण असेल तर वेगळं. तिथे आम्ही घरच्यांना बसवून, वेळ घेऊन ठरवतो.