दोन्ही चालतं म्हणजे दोन्ही एकच नव्हे!

"चालतंय ना, मग सोडा की!" हे ऐकलं की डोकंच उठतं. कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत यादीतल्या प्रत्येक घटकावर 'दुप्पट' हे फंक्शन चालवायला साधा कोट (') लावून (मॅपकार 'दुप्पट यादी) लिहिलं तरी चालतं आणि #'दुप्पट लिहिलं तरी चालतं, म्हणून दोन्ही सारखंच म्हणे!

अहो, #'दुप्पट म्हणजे त्या जागी दिसणारं प्रत्यक्ष फंक्शन; 'दुप्पट हा नुसता सिंबॉल, म्हणजे नाव. त्यावरून फक्त ग्लोबल व्याख्या सापडते. फ्लेट किंवा लेबल्समध्ये (लोकल फंक्शन लिहायच्या रचना) तुम्ही त्याच नावाचं लोकल फंक्शन लिहिलं असेल तर ते त्याला दिसतच नाही. बाहेर त्याच नावाचं दुसरं फंक्शन असेल तर एररसुद्धा येत नाही, मुकाट्यानं चुकीचं उत्तर येतं. आणि मग शोधत बसा!

बरं, सगळीकडे डोळे मिटून #' ठोकणंही बरोबर नाही. हँडलरच्या टेबलात (कोणत्या वेळी कोणतं फंक्शन चालवायचं ते साठवणारा तक्ता) #'दुप्पट साठवलं, नंतर डीफन, म्हणजे फंक्शनची व्याख्या, बदलून पुन्हा लोड केलं, तर टेबलात जुनंच फंक्शन राहतं. तिथे सिंबॉलच हवा.

सगळ्यात संताप '(लॅम्डा ...) चा, म्हणजे बिननावाच्या फंक्शनला कोट लावण्याचा. कोट लावलात की ती यादी झाली, फंक्शन नाही! कॉमन लिस्प फनकॉलला (फंक्शन चालवायची आज्ञा) सरळ टाइप एरर देतं. ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये ते चालून जातं, पण आतला कोड कंपाइल होत नाही आणि बाहेरच्या लेटमधलं लेक्सिकल (त्या भागापुरतंच दिसणारं) व्हेरिएबल आत मिळत नाही. लॅम्डाला काहीही लावू नका, तो मॅक्रो स्वतःच #' लावून घेतो.

ईमॅक्समध्ये तर #'नाव लिहिलं तरी हातात सिंबॉलच येतो, व्याख्या बदलली तरी अडत नाही, शिवाय नाव चुकलं तर कंपायलर बोंब मारतो. तरीही ॲड-हुकमध्ये (ठरावीक प्रसंगी चालवायचं फंक्शन जोडताना) साधा कोट का लिहितात लोक?